कसोटी नोंदणीची नव्हे, वापराची

रायपूरच्या सदर बाजारातील सराफ सोन्याचे मोल कसोटीवर घासून ठरवितो. आरोग्याची नोंद ठेवणाऱ्या मोबाईल अ‍ॅपचे मोलही असेच पारखावयास हवे. अंडर आर्मर कंपनीने २०१५ साली ‘मायफिटनेसपाल’ ४७.५ कोटी डॉलरला घेतले आणि २०२० साली ३४.५ कोटी डॉलरला विकले. दरम्यान नोंदणीकृत वापरकर्ते सुमारे ८ कोटींवरून २० कोटींवर गेले होते. नोंदणी वाढली, मोल मात्र घटले!

ग्राहकांनीही हाच हिशेब मांडावा. वर्गणी भरल्याने पावले पडत नाहीत. वर्गणीची रक्कम खात्यातून आपोआप वळती होण्यापूर्वी किमान २४ तास सूचना देण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. ती सूचना अवश्य वाचावी आणि अ‍ॅप वापरात नसल्यास दिलेली संमती वेळीच रद्द करावी.