दुसऱ्या मजल्यावरची खिडकी

क्षयरोगाच्या नव्या रुग्णाचा केसपेपर भरताना पत्त्याच्या शेजारी मी एक आकडा लिहितो : मजला. सरकारी नमुन्यात हा रकाना नाही, माझी आपली सवय. पत्ता गोवंडी-मानखुर्दकडचा असेल तर आणखी एक प्रश्न हमखास विचारतो, ‘‘दुपारी बाराला घरात दिवा लावावा लागतो का?’’ सोबत आलेले नातेवाईक बहुतेक वेळा हसतात. ‘‘डॉक्टर, तो बंद कधी असतो?’’

ही सवय लागली ती एका मुलीमुळे. एकोणीस वर्षांची, बी.कॉम.ला शिकणारी. सहा महिन्यांचे उपचार एकही गोळी न चुकवता पूर्ण केले आणि दीड वर्षानं पुन्हा थुंकी पॉझिटिव्ह घेऊन ओपीडीत उभी. मधल्या काळात आईलाही क्षय होऊन गेला होता. जुन्याच जंतूनं डोकं वर काढलं की नव्यानं संसर्ग झाला, हे जंतूची जनुकीय तपासणी केल्याशिवाय सांगता येत नाही, आणि ती आमच्याकडे प्रत्येकाची होत नाही. आईला मी नेहमीचं सांगितलं : खिडक्या उघड्या ठेवा, हवा खेळती ठेवा. ती म्हणाली, ‘‘खिडकी उघडली की समोरच्यांची मोरी. वरून कचरा पडतो, घुशी येतात. उघडू कशी?’’ पुनर्वसनाची इमारत, दुसरा मजला. तीस वर्षं मी लोकांना खिडक्या उघडायला सांगत आलो होतो. खिडकी कशावर उघडते, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

मुंबईत सध्या जिकडेतिकडे इमारतींचीच चर्चा आहे. धारावीत पात्र कुटुंबांना ३५० चौरस फुटांचं घर मिळायचं आहे, बीडीडी चाळींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत आणि उपनगरांत चार मजली सोसायट्या पाडून वीस मजली होत आहेत. एका बाजूचं म्हणणं, आता पुरे, रस्ते आणि पाणी पुरणार नाही. दुसरी बाजू विचारते, मग लोकांनी राहायचं कुठे? दोघांच्याही तोंडी शब्द एकच, एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक. हजार चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक तीन असेल तर तीन हजार चौरस मीटर बांधकाम. मर्यादा वाढवायची की आवळायची, यावर भांडण.

फुप्फुसाच्या बाजूनं पाहिलं तर हा आकडा फार थोडं सांगतो. दाटी निदान तीन प्रकारची असते. एका खोलीत माणसं किती, ही पहिली. एका हेक्टरवर घरं किती, ही दुसरी. आणि दोन इमारतींच्या मधे आकाश किती उरलं, ही तिसरी. जुनी बैठी झोपडपट्टी घ्या. तळमजला आणि वर एक माळा, त्यामुळे बांधकामाचा निर्देशांक बेताचाच. पण एका खोलीत सात माणसं. जुलै २०२०मध्ये मुंबईतल्या तीन वॉर्डांत करोनाच्या प्रतिपिंडांची पाहणी झाली. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांमध्ये प्रतिपिंडं सापडली, इतर वस्त्यांत १६ टक्के. त्या इतर वस्त्यांमध्ये उंच इमारतीही होत्या. म्हणजे उंची हा रोग नव्हे. चटई क्षेत्रावर घट्ट मर्यादा घातली की माणसं कमी येतात, हाही भ्रम आहे. ती येतात आणि असलेल्या खोल्यांतच दाटीवाटीनं राहतात. मुंबईनं हे अनेक दशकं अनुभवलं. म्हणून ‘आमच्या भागात आता बांधकाम नको’ म्हणणाऱ्यांच्या मोर्चात डॉक्टर म्हणून मी जाणार नाही.

पण तिसऱ्या दाटीचं काय? ती या शहराला एकेकाळी मोजता येत होती. १८९६च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रुग्ण ओळखला. त्या साथीनंतर १८९८मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनं जितकी घरं पाडली तितकी बांधली नाहीत आणि गरिबांची फरपट केली, हा इतिहास विसरण्यासारखा नाही. तरी त्याच ट्रस्टचा एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी तो हिरिरीनं मांडला, १९१२मध्ये त्यावर व्याख्यानही दिलं. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढा. ती जमिनीशी ६३.५ अंशांहून मोठा कोन करता कामा नये. हा कोन विचित्र वाटतो, पण हिशेब सोपा आहे. इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून उंच नको. बारा मीटर उंचीला सहा मीटर, चोवीस मीटर उंचीला बारा मीटर.

आता माझ्या पेशंटच्या वसाहतीकडे येऊ. तळमजला अधिक सात मजले, म्हणजे साधारण चोवीस मीटर. दोन इमारतींत अंतर तीन मीटर. कोन ८३ अंशांच्या घरात जातो. डिसेंबरात मुंबईत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच असतो. समोरची इमारत दक्षिणेला असेल तर तिच्या गच्चीवरून येणारं ऊन या भिंतीवर वरून जेमतेम सव्वातीन मीटर उतरतं. म्हणजे ऊन फक्त सातव्या मजल्याला. मे महिन्यात आणि जुलैअखेरीस सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा तळापर्यंत काही मिनिटं उजेड पोचत असेल. पण जुलैत तर ढगच असतात.

उन्हातले अतिनील किरण क्षयाचे जंतू मारतात हे खरं, तरी त्याहून महत्त्वाचं आहे हवा बदलणं. क्षयाचा रुग्ण खोकतो तेव्हा उडणारे अतिसूक्ष्म कण खाली पडत नाहीत, बंद खोलीत तासन्तास तरंगत राहतात. पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांचा अभ्यास २००७मध्ये प्रसिद्ध झाला. उंच छताच्या, मोठ्या खिडक्यांच्या जुन्या वॉर्डांत खिडक्या उघडल्यावर हवा नव्या रुग्णालयांपेक्षा जास्त बदलत होती. यांत्रिक वायुवीजनाच्या खोल्याही त्यांच्या मागे पडल्या. मात्र वारा आत यायला बाहेर मोकळी जागा लागते. तीन मीटरच्या बोळात, तळाला कचरा साचलेला असताना, वारा कुठून येणार?

गोवंडी-मानखुर्दच्या तीन वसाहतींचा अभ्यास २०१८च्या सुमारास प्रसिद्ध झाला. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक त्यात होते. नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लूभाई कंपाउंड या दाट वसाहतींत क्षयाचं प्रमाण पीएमजीपी वसाहतीपेक्षा कितीतरी जास्त आढळलं. तिथे इमारतींमध्ये जागा अधिक आहे. दाट वसाहतींतही खालच्या मजल्यांवर आजार जास्त होता. अशा पाहणीतून कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध होत नाही. कोण गरीब, कोणाचं पोषण कसं, घरात माणसं किती, हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. पण एकाच इमारतीत मजल्यागणिक फरक दिसतो तेव्हा भिंतींकडे पाहावंच लागतं.

या वसाहती बेकायदा नाहीत, हे लक्षात घ्या. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत दाटीला कमाल मर्यादा नव्हे, किमान मर्यादा आहे. पूर्वी निव्वळ हेक्टरी ५०० घरं, २०३४च्या विकास नियमावलीत ६५०. याहून कमी घरं बसवायची नाहीत! वर मोकळ्या जागांच्या नियमांत सवलत. यामागे दुष्टपणा नाही, हिशेब आहे. झोपडीवासीयाला घर फुकट. त्याचा खर्च विकासक विक्रीच्या इमारतीतून काढतो. पुनर्वसनाच्या इमारती जितक्या कमी जागेत उरकतील तितकी विक्रीला जागा मोकळी. या हिशेबात त्या मुलीच्या उपचारांचा खर्च आणि तिचं बुडालेलं वर्ष कुठेच धरलेलं नाही. ते माझ्या ओपीडीच्या खात्यावर पडतं.

पोषणाच्या बाबतीत आपण हे शिकलो. झारखंडमधल्या एका मोठ्या चाचणीत रुग्णांच्या घरच्यांना पुरेसा शिधा दिला, तर त्यांच्यात नवा क्षय ३९ टक्क्यांनी कमी झाला. रुग्णाला मिळणारे दरमहा ५०० रुपये आता १००० झाले आहेत. अन्न हे औषध आहे हे सरकारनं मान्य केलं. हवेसाठी असं काही नाही.

विकासक आणि नगररचनाकार म्हणतात, अंतर वाढवलं तर योजनाच परवडणार नाही. काही ठिकाणी ते खरंही असेल. पण तितकीच घरं कमी इमारतींत, जास्त उंचीवर आणि जास्त अंतरावर बसू शकतात. त्याची किंमत वेगळी : लिफ्ट बंद पडली की बाराव्या मजल्यावरची म्हातारी दवाखान्यातच येत नाही. हाही पेशंट मी पाहिला आहे. तरीही मला निवड करायची असेल तर लिफ्टच्या देखभालीसाठी भांडणं सोपं वाटतं. बांधलेल्या दोन इमारती पुन्हा लांब सरकवता येत नाहीत. परवानगी देताना एवढी एक तपासणी सक्तीची करावी : सर्वांत खालच्या राहत्या खोलीच्या खिडकीतून आकाश किती दिसतं आणि वारा किती येतो. संगणकावर हे काम काही तासांचं आहे. उभ्या असलेल्या वसाहतींत निदान बोळातला कचरा रोज उचलणं, वरून कचरा पडू नये म्हणून जाळ्या आणि जिन्यांना झरोके, एवढं महापालिकेला उद्यापासून जमण्यासारखं आहे.

दुसऱ्यांना शहाणपण सांगतो आहे, म्हणून एक कबुली. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा झाली. कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, पर्यायी घराचं भाडं यांवर तीन तास काथ्याकूट. मीही उठून एक प्रश्न विचारला, तो पार्किंगचा होता. शेजारच्या इमारतीपासून आमच्या खालच्या मजल्याचं अंतर किती, हे कोणी विचारलं नाही. घरी येऊन नकाशा पाहिला आणि पट्टी घेऊन कोन मोजला. ७४ अंश. सचिवांना पत्र दिलं आहे, अजून उत्तर नाही.

त्या मुलीचे दुसऱ्या वेळचे उपचार पूर्ण झाले, थुंकी निगेटिव्ह आहे. गेल्या सोमवारी ती धाकट्या भावाला घेऊन आली होती. तीन आठवडे खोकला, रात्री घाम. एक्स-रे लिहून दिला. केसपेपरवर पत्ता तोच, मजला दुसरा.