‘बोलेल हळूहळू’ म्हणून वाट पाहू नका

“डॉक्टर, हा अजून बोलत नाही हो.” हे वाक्य आई बहुधा निघता निघता, दाराशी उभी राहून म्हणते. मूल आणलेले असते सर्दी-तापासाठी किंवा जुलाबासाठी. औषध घेऊन झालेले असते, बाहेर दहा माणसे बसलेली असतात. बरोबर आलेली आजी लगेच म्हणते, “याचा बापसुद्धा तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता.” आणि डॉक्टरही घाईत म्हणून जातो, “बोलेल हळूहळू. मुलगे उशिराच बोलतात.” मग आई गप्प बसते.

हे वाक्य मी स्वतः म्हटलेले आहे, म्हणून आज त्याबद्दल लिहितो आहे. वीसेक वर्षांपूर्वी हेंद्रेपाड्यातील माझ्या दवाखान्यात दोन वर्षांचा एक मुलगा असाच आला होता. मी त्याच्या पाठीमागे टाळी वाजवून पाहिली. त्याने वळून पाहिले. मी निश्चिंत झालो आणि आईलाही निश्चिंत केले. तो पुन्हा समोर आला तेव्हा साडेचार वर्षांचा होता. शाळेने प्रवेश नाकारला होता. या वेळी कानांची तपासणी करून घेतली, तेव्हा दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येत असल्याचे निघाले. टाळीला तो वळला होता तो बहुधा माझी सावली किंवा हाताची हालचाल पाहून. यंत्र लावले, उपचार सुरू झाले, पुढे तो शिकलाही. पण त्याची जी अडीच वर्षे गेली ती मी त्याला परत देऊ शकलो नाही. त्याच्या आईने मला कधी दोष दिला नाही, याचेच जास्त वाईट वाटते.

आधी कान, मग जीभ

मूल बोलत नाही म्हटले की घरचे त्याच्या जिभेकडे पाहतात. वास्तविक पहिल्यांदा पाहायचे ते कानाकडे. मूल ऐकून ऐकूनच बोलायला शिकते. जे ऐकू येत नाही ते ते बोलणार कसे? जन्मतःच दोन्ही कानांनी कमी ऐकू येणारी बाळे हजारामागे किमान एक-दोन तरी असतात. ती इतर बाळांसारखीच हसतात, खेळतात, पहिले काही महिने हुंकारही देतात. त्यामुळे घरात कुणाला शंका येत नाही.

‘दार आपटले की दचकतो, ताट वाजवले की वळतो, म्हणजे ऐकू येते’ हा समज चुकीचा आहे. मोठा किंवा जाड आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले ‘स’, ‘त’, ‘फ’ यांसारखे बारीक आवाज ऐकू न येणारी मुले पुष्कळ असतात. खात्री यंत्रानेच होते. नवजात बाळाची ‘ओएई’ ही तपासणी काही मिनिटांत, बाळ झोपलेले असताना होते. शंका आल्यास ‘बेरा’ ही तपासणी करतात. दोन्हींत दुखत नाही, सुई नाही. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्या महिन्यापर्यंत उपचाराला सुरुवात, असा जगभर मान्य झालेला नियम आहे. भाषा शिकण्याची मेंदूची तयारी पहिल्या तीन वर्षांत सर्वांत जास्त असते, हे त्याचे कारण.

ज्या मुलांना वरचेवर सर्दी होते, कान वाहतो, त्यांच्या पडद्यामागे पाणी साचून तात्पुरता बहिरेपणा येतो. आपल्याकडे पावसाळ्यात अशी मुले पुष्कळ दिसतात. तो औषधाने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने जातो, पण आधी लक्षात तर यायला हवा.

किती वर्षांचे मूल किती बोलते?

वर्षाच्या सुमारास मूल नावाने हाक मारल्यावर वळते, हवी ती वस्तू बोटाने दाखवते आणि ‘आई’, ‘बाबा’, ‘दादा’ असा एखादा शब्द अर्थ समजून म्हणते. दीड वर्षाला दहा-वीस शब्द असावेत. दोन वर्षांचे मूल ‘पाणी दे’, ‘बाबा आले’ असे दोन शब्द जोडते. तीन वर्षांच्या मुलाचे बरेचसे बोलणे परक्या माणसालाही कळते. थोडे मागे-पुढे होते, हे खरे. पण सव्वा-दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडत नाही, हाकेला वळत नाही, बोट दाखवत नाही, यांतले काहीही आढळल्यास तपासणी करावी. येत असलेले शब्द मूल विसरू लागले तर एक दिवसही थांबू नये. हाकेला न वळणे, नजरेला नजर न देणे हे स्वमग्नतेचेही लक्षण असू शकते, आणि त्यातही लवकर सुरू केलेल्या उपचारांचाच उपयोग अधिक होतो.

काही गैरसमज

‘जीभ चिकटली आहे, कापून घ्या’ असा सल्ला हमखास मिळतो. जिभेखालचा पडदा आखूड असल्यास काही बाळांना दूध ओढायला त्रास होतो, क्वचित एखाद-दुसरा उच्चार अडतो. पण त्यामुळे मूल बोलायचेच थांबत नाही. दुसरा उपाय वेखंड मधात उगाळून चाटवण्याचा. वेखंडाने वाचा येत नाही, त्याने बाळाला उलट्या होऊ शकतात. मध तर पहिल्या वाढदिवसापर्यंत देऊच नये.

तिसरा गैरसमज दोन भाषांचा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात एकाच मजल्यावर मराठी, सिंधी, हिंदी, गुजराती ऐकू येतात. मूल उशिरा बोलू लागले की कुणीतरी सांगते, ‘घरात मराठी बंद करा, इंग्रजीच बोला, नाहीतर गोंधळेल.’ दोन भाषा कानावर पडल्याने मूल मुके होत नाही. त्याचे शब्द मोजताना सगळ्या भाषांतले मिळून मोजावेत, इतकेच. आईला जी भाषा मनापासून येते तीच तिने बोलावी. न येणाऱ्या इंग्रजीत आई मोजकेच बोलते, आणि मुलाला हवे असते ते भरपूर बोलणे.

आणि मोबाइल. मोबाइल एकतर्फी बोलतो, मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. भाजी निवडताना, आंघोळ घालताना, जिना उतरताना मुलाशी बोलत राहावे, त्याच्या ‘अं’ला उत्तर द्यावे.

बोबडे आणि तोतरे

या दोन गोष्टींत आपण गल्लत करतो. ‘काका’ला ‘ताता’, ‘राजा’ला ‘लाजा’, ‘पोळी’ला ‘पोली’ म्हणणे हा बोबडेपणा. ‘र’, ‘ळ’, ‘ण’ हे उच्चार मुलांना उशिराच जमतात. चार-पाच वर्षांनंतरही बोलणे इतरांना कळत नसेल तर वाचा-उपचारतज्ज्ञाकडे न्यावे. तोपर्यंत मुलाच्या बोबड्या शब्दाची नक्कल करून हसू नये. आपण तो शब्द नीट म्हणावा, एवढे पुरे.

तोतरेपणात शब्द माहीत असतो, पण तोंडातून निघताना अडतो. दोन ते पाच या वयात पुष्कळ मुले काही काळ अडखळतात आणि त्यांतली बहुसंख्य आपोआप सुधारतात. पण सहा महिने ते वर्ष उलटूनही अडखळणे चालू असेल, किंवा बोलताना मूल डोळे मिटते, मान झटकते, बोलणेच टाळते असे दिसले, तर तज्ज्ञाकडे जावे. ‘हळू बोल’, ‘श्वास घेऊन बोल’ असे सारखे सांगू नये, त्याचे वाक्य आपण पुरे करू नये. तो काय सांगतो ते ऐकावे, कसे सांगतो ते नव्हे. शिक्षकांनाही विनंती आहे की, अशा मुलाला वर्गात अचानक उभे करून वाचायला लावू नये. तोतरेपणाचा बुद्धीशी काही संबंध नाही. इंग्लंडचा राजा सहावा जॉर्ज तोतरा होता. त्याने १९२६ पासून लायोनेल लोग या उपचारकाकडे मेहनत घेतली आणि १९३९ साली युद्ध सुरू झाले तेव्हा रेडिओवरून देशाशी बोलला.

मोठ्यांची गेलेली वाचा

‘येईल हळूहळू’ ही सवय मोठ्यांच्या बाबतीतही घात करते. अचानक तोंड वाकडे झाले, हात उचलत नाही, बोलणे अडखळले किंवा असंबद्ध झाले, तर तो मेंदूचा झटका समजावा. ‘झोपून उठले की बरे वाटेल’ म्हणून थांबू नये. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्यावे.

झटक्यानंतर काही रुग्णांना वाचाघात होतो. पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ साली अशाच एका रुग्णाचे वर्णन केले. त्याला ‘तान’ एवढेच म्हणता येत असे, मात्र दुसऱ्याचे बोलणे कळत असे. आपल्या घरातल्या आजोबांचेही असेच होऊ शकते. पाणी हवे असताना त्यांना ‘पाणी’ शब्द सापडत नाही, पण आरती सुरू झाली की दोन ओळी ते बरोबर म्हणतात. मग घरचे म्हणतात, ‘मुद्दाम करतात’ किंवा ‘भ्रमिष्ट झाले’. दोन्ही खोटे. पाठ असलेले म्हणणे आणि विचार करून शब्द शोधणे या मेंदूच्या वेगवेगळ्या क्रिया आहेत. अशा माणसाशी ओरडून बोलू नये, तो बहिरा नसतो. लहान वाक्ये बोलावी, ‘हो-नाही’त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावे, वस्तू किंवा चित्र दाखवावे आणि उत्तराची वाट पाहावी. वाचा-उपचार पहिल्या काही महिन्यांत सुरू केल्यास लाभ जास्त होतो, नंतरही होतोच.

आता काय करायचे?

वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही असा विभाग आहे. जन्मतः ऐकू न येणाऱ्या पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून, उत्पन्नाच्या अटीवर, कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मदत मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा व भाषा दोषांचाही समावेश आहे.

पण बदलापूरहून वांद्र्याला जायचे म्हणजे मूल कडेवर घेऊन दादरला गाडी बदलायची, आणि एक दिवसाची मजुरी बुडवायची. दर आठवड्याला हे किती जणांना जमेल? म्हणून माझे मत असे की, वाचा-उपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोन दिवस तरी प्रत्येक शहराच्या सरकारी रुग्णालयात मिळालाच पाहिजे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्या आणि सरकारी-अनुदानित शाळांतील मुले तपासली जातात. खासगी नर्सऱ्यांतली मुले त्यातून सुटतात. या नर्सऱ्यांनी प्रवेशाच्या वेळी फी बरोबर कानाच्या तपासणीचा कागदही मागावा.

आणि आम्हा डॉक्टरांसाठी. काही सहकारी म्हणतील, उशिरा बोलणारी बरीच मुले आपोआप बरोबरीला येतात, सगळ्यांना कशाला घाबरवायचे? बरीच येतात, हे मान्य. पण कोणते येणार आणि कोणते नाही हे टाळी वाजवून कळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. कानाच्या तपासणीने कुणाचे नुकसान होत नाही. नवव्या महिन्यात आणि दीड वर्षाच्या सुमारास प्रत्येक मूल गोवरच्या लसीसाठी येतेच. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे छापलेले असतात, पण आपण सगळे फक्त लसीची तारीख पाहतो. त्या दोन भेटींत ‘ऐकतो का? बोलतो का?’ एवढे विचारायला मिनिटभर पुरते.

आयांना एवढेच सांगणे की, तुम्हाला शंका आली असेल तर ती दाराशी उभे राहून सांगू नका. खुर्चीवर बसून, सर्दी-तापाच्या आधी सांगा. आणि डॉक्टर ‘बोलेल हळूहळू’ म्हणाला, तर कानाच्या तपासणीची चिठ्ठी मागून घ्या. तो डॉक्टर मी असलो तरीही.