पत्रिका जुळली, रक्ताचं काय?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्या घरातल्या लग्नांच्या गोष्टी सुरू होतात. अल कुसैसमध्ये वाढलेल्या मुलांची स्थळंही आता गावाकडून व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. पत्रिका, गोत्र, पगार, फोटो सगळं असतं. थॅलेसेमियाच्या तपासणीचा कागद मात्र नसतो.

गोत्र वडिलांकडून येतं; जनुकं आई-वडील दोघांकडून, निम्मी-निम्मी. मामाच्या मुलीचं गोत्र वेगळं, म्हणून लग्न चालतं. पण आते-मामे भावंडांची साधारण एक अष्टमांश जनुकं सारखी असतात. नाडी तर जन्मनक्षत्रावरून ठरते. सख्ख्या भावंडांचीही ती वेगळी असू शकते. रक्तात काय आहे, ते तिला कळत नाही.

बीटा थॅलेसेमियाचा वाहक एरवी ठणठणीत असतो. फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक. ‘पहिल्याला झालं, म्हणजे पुढची तिघं सुटली’ हा हिशेब चुकीचा. प्रत्येक वेळी फासे नव्याने पडतात. मेजर म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं आणि साठलेलं लोह काढायची औषधं, वर्षानुवर्षं.

अमिरातीच्या नागरिकांना १ जानेवारी २०२५ पासून लग्नाआधी जनुकीय चाचणी बंधनकारक आहे. आपली लग्नं गावी लागतात. तिथे आपणच विचारायचं. सीबीसी आणि हिमोग्लोबिनची एचपीएलसी तपासणी पुरते. तिच्यात सिकलसेलही कळतो, तेव्हा विदर्भ-नंदुरबारकडच्या घरांनी ती टाळूच नये.

खरी अडचण रिपोर्ट आल्यावर असते. मुलगी वाहक निघाली की कागद कपाटात जातो, ‘मुलीत दोष’ अशी कुजबुज होते. पण तिला ते जनुक आई किंवा वडिलांकडूनच आलेलं असतं. भावाकडेही असू शकतं. त्यात लपवण्यासारखं काही नाही. जोडीदाराची तपासणी स्वच्छ असेल, तर काळजीचं कारण उरत नाही. दोघंही वाहक असले, तरी निर्णय त्यांचाच. गर्भाची तपासणी साधारण अकराव्या आठवड्यापासून करता येते.

म्हणून मुलं कॉलेजात असतानाच ही तपासणी उरकून घ्या. हॉल ठरल्यावर, पत्रिका छापल्यावर आलेला रिपोर्ट उघडायला कुणी धजत नाही.