कोर्स सुटला, की दोष कुणाचा?



हल्ली घराघरात कुणी ना कुणी मोबाइलवर शिकत असतं. लेक नीटची तयारी करते, सून जीएसटीचा कोर्स लावते, जाऊबाई इंग्रजी बोलायला शिकतात. पहिला आठवडा उत्साहात जातो, महिनाभरात सगळं थंड. मग घरातले म्हणतात, "हिच्यानं होणारच नव्हतं." मला हे पटत नाही. कोर्स सुटला तर आधी कोर्स तपासावा, मग शिकणारी.

आपल्या लातूरकरांना हे वेगळं सांगायला नको. लातूर पॅटर्न गाजला तो नुसत्या व्याख्यानांवर नाही. पुन्हा पुन्हा सराव परीक्षा, तपासलेले पेपर, चुकलेलं परत समजावणं, ही त्याची खरी ताकद. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि वर्ग मोबाइलवर आले, तेव्हा बऱ्याच ठिकाणी फक्त व्याख्यान आलं. शंका विचारायची जागा मागेच राहिली. तासभर फळा दाखवला म्हणजे शिकवणं झालं का?

आता दुसरं उदाहरण बघा. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. कोडवर मोबाइल धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. यातली सोय आपल्याला लगेच कळेल. घरातला एकुलता फोन दिवसभर वडिलांच्या खिशात असतो. संध्याकाळी हाती आला की मूल तोच धडा हवा तितक्यांदा लावतं. गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, त्याची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. मला मात्र त्या बक्षिसाहून, शिकणाऱ्याकडे बघून साधन निवडण्याची त्यांची रीत मोठी वाटते.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी बसून शिकणाऱ्यांसाठी आहे. केंद्र सरकारच्या 'स्वयं'वर २०१७ पासून व्हिडिओ, वाचनसाहित्य, चाचणी आणि शंकाचर्चा असे चार भाग असतात. म्हणजे वाट ठाऊक आहे. चालायचं तेवढं बाकी आहे.

आपल्या घराची घडी कोर्स बनवणाऱ्याला माहीत नसते. सूर्यास्ताच्या आधी वर्ग ठेवला तर चौविहार पाळणाऱ्या घरातली बाई तेव्हा ताटं वाढत असते. नळाला पाणी यायच्या दिवशी तर सकाळ आपली नसतेच. अशा बाईला दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे हवेत, उतरवून ठेवता येणारे. प्रत्येक तुकड्यामागे एखादा प्रश्न हवा, भाषा मराठी हवी, आणि अडलं तर उत्तर देणारं खरं माणूस हवं.

म्हणून फी भरण्याआधी चार गोष्टी विचाराच: वर्ग चुकला तर नंतर बघता येईल का? शंका कोण सोडवणार? चाचणी तपासून मिळेल का? पहिला धडा बघायला मिळेल का? उत्तरं गोलमोल आली तर पैसे पर्समध्येच राहू द्या.

आणि आपल्यापैकी ज्या शिकवण्या घेतात, मेंदी-शिवण शिकवतात, त्यांनीही पहिल्याच दिवशी विचारावं, "बाई गं, तुला वेळ कधी असतो, आणि फोन कुणाचा आहे?" अभ्यासक्रमाची आखणी तिथून सुरू होते.