आवाज कुणाचा?

पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी भरत नाट्य मंदिरात बसून ज्यांनी 'अरे, आवाज कुणाऽऽचा' असं घसा बसेपर्यंत ओरडलंय, त्यांना वाटेल हा नाटकाबद्दलचा लेख आहे. नाहीये. गेले दोन महिने हा प्रश्न मला ऑफिसात छळतोय.

तर झालं असं. आम्ही मोबाईलवर कार्टून बनवायचं एक अ‍ॅप करतोय. अगदी नवशिक्यांसाठी. बोटाने चित्र काढा, पुढचं चित्र काढा, प्ले दाबा. आता त्यात 'एआय आवाज' आणायचाय. वाक्य टाइप करा, आवाज निवडा, की पात्र बोलायला लागणार. स्क्रीनचा आराखडा माझ्याकडे. पहिल्या आराखड्यात मीच एआयचं भलंमोठं बटण वर ठेवलं आणि माइक खाली कोपऱ्यात, चिमुकला. आमच्याकडे अ‍ॅप वापरून बघायला आलेली मुलं चित्रं हौसेने काढायची आणि आवाजाची वेळ आली की लाजून फोन खाली ठेवायची. त्यांची सोय करावी, इतकाच विचार.

मग सुट्टीत भाची आली. वय वर्षं नऊ. तिने चिऊ-काऊची गोष्ट काढायला घेतली. काऊ दारात भिजतोय आणि चिऊताई आतून दर वेळी काहीतरी कारण काढून 'थांब' म्हणतेय. मी उत्साहाने एआय आवाज लावून दिला. तीन वेळा 'थांब', तिन्ही वेळा एकसारखं, रेल्वे स्टेशनवरच्या सूचनेसारखं.

"मामा, हिला काऊचा राग नाही आलाय," भाची म्हणाली.

"मग तू म्हण."

तिने म्हटलं. पहिलं 'थांब' सहज, दुसरं कामात असल्यासारखं आणि तिसरं असं करवादून, की ते थेट तिच्या आईचं होतं! (ताई हे वाचत नाही, असं धरून चालतोय.) पण रेकॉर्डिंग ऐकल्यावर तोंड कसनुसं करून तिने ते पुसून टाकलं. "हा माझा आवाज नाहीये."

यात तिची काही चूक नाही. आपण आपला आवाज हवेतून ऐकतो तसा कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, म्हणून तो स्वतःला भरदार वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये हाडांचा वाटा गळतो आणि आवाज पातळ, परका लागतो. मोठ्यांनाही लागतो.

मग मी आवाजाची पट्टी वर-खाली करायची जुनीच सोय तिला दाखवली. पट्टी चढवली, आवाज चिमणीचा झाला, आणि बाई खूश! राग तोच, लय तीच, फक्त लाज गेली. यात एआयचा काडीचाही संबंध नाही. रामदास पाध्यांचा अर्धवटराव आठवा. माणूस बाहुल्याच्या आडून बोलला की त्याची भीड चेपते. मिकी माऊसचा आवाजसुद्धा सुरुवातीची जवळजवळ वीस वर्षं वॉल्ट डिस्ने स्वतःच काढत असे.

म्हणून माझं मत असं झालंय, की माइक मोठा हवा, त्याच्या शेजारीच पट्टीची सोय हवी, आणि टाइप करून मिळणारा आवाज त्याखाली. तो काढून टाका असं मी म्हणत नाही. एखादं मूल अडखळत बोलतं, एखाद्याला बोलताच येत नाही, त्यांच्यासाठी तो हवाच. पण मग तो नीट मराठी हवा. आम्ही तपासलेल्या आवाजांपैकी एकाला 'चार चाकं' म्हणता येईना. दोन्ही 'च' सारखेच! 1.5 ला 'एक पॉइंट पाच' म्हणणाऱ्याला 'दीड' कोण शिकवणार? निदान उच्चार दुरुस्त करायची जागा तरी द्या.

आणि हिशोबही बघा. सेकंदाला 12 चित्रं धरली तर तीन सेकंदांच्या वाक्याला 36 चित्रं. मुलाने ती काढून ठेवली आणि मग वाक्यातला एक शब्द बदलून आवाज पुन्हा तयार केला, की लांबी बदलते आणि ओठ एकीकडे, बोलणं भलतीकडे. मोठ्या स्टुडिओत बहुतेक वेळा संवाद आधी आणि चित्रं नंतर, ते यासाठीच. आमच्या अ‍ॅपनेही आधी आवाज मागावा.

एआयला काम द्यायचंच तर पोराचं बोलणं ऐकून कुठल्या चित्रावर तोंड उघडं, कुठे मिटलेलं, ते सुचवू दे. पंख्याची घरघर काढू दे. पोराच्या आवाजाची नक्कल बनवायची सोय मात्र नको, आईबापांनी परवानगी दिली तरी नको. यावर मीटिंगमध्ये मी एकटा पडलोय. "लोकांना जादू हवी असते," असं मला सांगण्यात आलं. असेल. सोमवारी पुन्हा बसायचंय. भाचीचं कार्टून दाखवणार आहे.

त्यात तिसऱ्या 'थांब'च्या मागे कुकरची शिट्टी ऐकू येते. ती काढू का विचारलं, तर म्हणाली, "राहू दे, चिऊ स्वयंपाक करतेय ना."