किलोमीटरचे पैसे आणि सुटलेला थांबा

भाईंदर पश्चिमेच्या स्टेशनबाहेर शेअर रिक्षाला तीन-चार प्रवासी भरले की ती सुटते. तिला जवळचं, सतत मिळणारं भाडं हवं. धंद्याच्या हिशेबात ते रास्तच. उत्तन-चौकच्या बसचं गणित वेगळं. सकाळी मासळीच्या पाट्या घेऊन येणाऱ्या कोळणींना ती लागते, आणि भर दुपारी निम्मी रिकामी गेली तरी तिला जावंच लागतं. ही दुपारची फेरी कोणाच्या खर्चाने धावणार? नियोजन की बाजार, हा सगळा वाद इथे येऊन ठेपतो.

तेव्हाच्या मुंबई प्रांताने त्याचं एक उत्तर 1 जून 1948 रोजी दिलं. पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली, आणि पुढे कमाईच्या मार्गांनी तोट्याचे मार्ग पोसायचे ही रीत पडली. ब्रिटनने ऑक्टोबर 1986 मध्ये नेमकं उलट केलं. लंडन वगळता बहुतेक देशात बसचे मार्ग खुल्या स्पर्धेला सोडले. गर्दीच्या रस्त्यांवर बस एकमेकींच्या मागे लागल्या, आडबाजूच्या फेऱ्या आटल्या. अखेर मँचेस्टर परिसराने सप्टेंबर 2023 ते जानेवारी 2025 या काळात टप्प्याटप्प्याने बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणली. बस आजही खासगी कंपन्याच चालवतात. मार्ग, वेळापत्रक आणि भाडं मात्र प्राधिकरण ठरवतं.

आपल्याकडे आता ग्रॉस कॉस्ट ठेक्याचा जमाना आहे. तिकिटाचे पैसे पालिकेचे, ठेकेदाराला दर किलोमीटरमागे रक्कम. 2023 ची पीएम ई-बस सेवा 10,000 बसगाड्यांसाठी हाच मार्ग धरते. या मासिकाच्या मते पद्धत बरोबर आहे, करार मात्र बहुधा अर्धवट असतात. पैसे नुसते किलोमीटरचे मिळत असतील, तर हात दाखवणारा प्रवासी चालकाच्या लेखी फक्त खोळंबा. गाडी थांब्यावर न थांबता गेली तरी बिल तेवढंच! शिवाय पगाराचा मामला आहेच. ऑगस्ट 2023 मध्ये बेस्टच्या भाडेतत्त्वावरील बसच्या कर्मचाऱ्यांनी वेतनासाठी संप केला, तेव्हा ठेकेदाराच्या वादात मुंबईकर ताटकळला.

कामाची वाटणी नीट झाली की काय होतं, ते खाडीवर दिसतं. फेब्रुवारी 2024 मध्ये वसई-भाईंदर रो-रो सुरू झाली. रस्त्याने सुमारे 38 किलोमीटरचा वळसा, पाण्यातून जेमतेम साडेतीन. जेट्टी सरकारी खर्चाने सागरमाला योजनेतून बांधली. बोट चालवते ती 2003 पासून दाभोळ-धोपावे फेरी चालवणारी खासगी कंपनी. जेट्टी बांधणं एकट्या बोटवाल्याच्या आवाक्याबाहेरचं होतं, आणि बोट चालवायला मंत्रालयाची गरज नव्हती.

जमिनीवर मात्र असा मेळ नाही. मेट्रो 9 च्या दहिसर-काशीगाव टप्प्यावर 14 मे 2025 रोजी चाचणी गाडी धावली. मार्गिका एमएमआरडीएची, बस महापालिकेची, रिक्षाचे परवाने परिवहन खात्याचे. या सगळ्यांची सांगड घालणारं एकात्मिक महानगर परिवहन प्राधिकरण नेमा, हे 2006 च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच लिहिलेलं आहे. ते अधिकारांसह येईल तेव्हा येवो. बसच्या पुढच्या निविदेत मात्र तीन अटी आजही घालता येतील: सुटलेल्या थांब्याला दंड, वेळेवर धावलेल्या फेरीला जादा दर, आणि काशीगाव मेट्रो स्थानकाला जोडणाऱ्या बसचं गाडीच्या वेळेशी जुळणारं वेळापत्रक.