हाकणारा न लागणारे वाहन

दरवर्षी जून-जुलैत आपल्या वसतिगृहातून शिकून गेलेल्या एखाद्या विद्यार्थ्याचे वडील भेटायला येतात. मुलाला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो. "सर, पोराला गाडी घेऊन द्यावी म्हणतो, हप्त्यानं मिळतीय." गाडी म्हणजे मोटारसायकल. मी सायकल सुचवली की त्यांचा चेहरा उतरतो. आपण आयुष्यभर सायकल मारली, आता पोरानेही तीच मारायची काय, हा त्यांचा न बोललेला सवाल असतो. तो खोटा नाही.

1962 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे आवार सुमारे 850 एकरांचे आहे. मी तेथे इतिहासात एम.ए. करीत असताना वसतिगृह, विभाग, ग्रंथालय आणि खानावळ यांच्यामधली पायपीट रोजची होती. दुसऱ्या सत्रात घरची जुनी सायकल एस.टी.च्या टपावर टाकून नेली. तिने मला रोजचा जवळजवळ तासभर मिळवून दिला आणि तो मी ग्रंथालयात घालवला. अंधार पडू लागला की पायी जाणाऱ्या मुली पुस्तक अर्धे टाकून उठत. मला उठावे लागत नसे. तेव्हा याचे काही वाटले नाही. आज स्वतःची मुलगी शिकते आहे, म्हणून आठवते.

वाहनाचा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. 1901 च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघालेले बाबासाहेब आणि सोबतची मुले मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच कोणी गाडीवान त्यांना बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि बैल मुलांनीच हाकायचे, या अटीवर गाडी मिळाली. 1929 साली चाळीसगावात ते बॅरिस्टर होऊन आले होते, तरी टांगेवाल्यांनी नकारच दिला. टांगा हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने तो हाकला आणि अपघात झाला. दोन्ही वेळा अडवणारा होता तो हाकणारा. सायकलीला हाकणारा लागत नाही, हे तिचे मोठेपण मला इतिहास शिकवताना उमगले.

अर्थात जात सायकलीलाही चिकटली होतीच. आमच्या गावात वाड्यांपुढून जाताना माझे वडील सायकलवरून उतरून चालत. मी उतरलो नाही. त्यावरून झालेली बोलाचाली घरात अजून सांगितली जाते. म्हणून सायकल ही गरिबीची खूण मानणाऱ्या पालकांना मी विचारतो, की ज्यावर बसून राहण्यासाठी आपण भांडलो, ती वस्तू लाजिरवाणी कशी?

विद्यापीठांचेही चुकते. पुणे विद्यापीठाच्या आवारात डिसेंबर 2017 मध्ये मोबाइलने कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली आल्या; गाजावाजा झाला आणि काही वर्षांतच त्या दिसेनाशा झाल्या. माझ्या मते ग्रंथालयाच्या पुस्तकाप्रमाणे ओळखपत्रावर वर्षभरासाठी सायकल द्यावी. विभागाच्या दाराशी छपराखाली ती लावायला जागा असावी आणि पंक्चर काढणारा माणूस आवारातच बसावा. विद्यार्थिनींना प्राधान्य द्यावे. बिहार सरकारने 2006 पासून नववीतल्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा माध्यमिक शाळेतली त्यांची संख्या वाढली. हे अभ्यासकांनी मोजून दाखवले आहे.

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला चढावर सायकल हातात धरून ढकलावी लागते, हे मान्य. पण सांगलीत विश्रामबागेच्या सपाट रस्त्याने विलिंग्डन महाविद्यालयात जाणाऱ्याला ते निमित्त कसे चालेल? मोटारसायकलचा हप्ता आणि पेट्रोल भागवण्यासाठी मुलगा संध्याकाळी कामाला लागतो, मग तासांना दांडी मारतो. असे दोन हुशार विद्यार्थी माझ्या डोळ्यांदेखत पदवी अर्धवट टाकून गेले. त्यांच्या वडिलांनी गाडी प्रेमानेच घेऊन दिली होती.

आपल्या तीन मुली यंदा कोल्हापूरला जात आहेत. माझी जुनी सायकल वसतिगृहाच्या मागच्या पडवीत आहे. ट्यूब, ब्रेक आणि चेन मी बदलून घेतली आहे. एका माजी विद्यार्थिनीने तिची बिनदांडीची सायकल देऊ केली आहे. अजून एक लागेल. ज्यांच्या घरी ती धूळ खात उभी असेल, त्यांनी वर्ग सुरू होण्यापूर्वी कार्यालयात आणून द्यावी.